सात बारांश

मराठी माणसाला अपूर्णांकाची भीती म्हणून नाही. आपल्या घड्याळात पावणेआठ वाजतात, गणपती दीड दिवसाचा येतो, शनी साडेसात वर्षं मुक्काम ठोकतो आणि बुद्धिबळातला घोडा अडीच घरं जातो. शक्तिपीठं साडेतीन, आपलं पीठ अर्धं मोजलं म्हणून सप्तशृंगीची देवी कुणावर कोपल्याचं ऐकिवात नाही. पेशवाईतले शहाणेसुद्धा आपण साडेतीन मोजले आणि त्यातल्या अर्ध्याच्या जागी चक्क नाना फडणवीसांना बसवलं. का, तर त्यांनी तलवार गाजवली नाही. आजोबांची पिढी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असं करत औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, न अडखळता जायची. अशा समाजाला छापील कागदावर एक धड 'दीड' उमटवताना घाम फुटतो, ही गंमत मी पोटापाण्याच्या निमित्ताने बरीच वर्षं पाहतो आहे.

मुद्रितशोधन हा माझा धंदा. त्यामुळे ही गंमत दर दिवाळीला ताजी होते. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचायला काहीतरी लागतं, ही सवय आपल्याला लावून ठेवली. तेव्हापासून अंकात कथा असतात, कविता असतात, राशिभविष्य असतं. कथेत अपूर्णांक सहसा येत नाही. कवितेत मोजायच्या त्या मात्रा, आणि हल्ली त्याही कोणी मोजत नाही. भविष्यातली साडेसाती अक्षरांत असते. राहता राहिल्या पाककृती. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि वाटी-चमच्याचं माप घराघरांत पक्कं झालं. बायकांची सोय झाली, नव्याने स्वयंपाकाला लागलेल्या पुरुषांची तर फारच झाली. जुळणी करणाऱ्यांची मात्र झोप उडाली, कारण वाटी म्हटलं की पाव वाटी आली, चमचा म्हटला की पाऊण चमचा आला.

शेवेच्या पाककृतीतला एक नमुना जवळून पाहू. लेखिकेने हाताने लिहून पाठवलं आहे: एक, त्याच्या शेजारी लहानसा एक, खाली रेघ, रेघेखाली दोन, चमचे मीठ. म्हणजे दीड चमचा. टाइप करणाऱ्याने ते केलं '१ १/२ चमचा मीठ'. इथपर्यंत ठीक. पण दोन एकांच्या मधे जी फट आहे ना, ती फार बेभरवशाची वस्तू. मजकूर दोन्ही कडांना सारखा केला, म्हणजे जस्टिफाय केला, की ती फट कधी फुगते आणि 'एक' आणि 'एक-द्वितीयांश' ही दोन वेगवेगळी मापं वाटायला लागतात. कधी ओळ नेमकी तिथेच तुटते. 'एक' ह्या ओळीच्या शेवटी लटकतो आणि अर्धा पुढच्या ओळीत जातो. आणि कधी कुणीतरी नीटनेटकेपणाच्या भरात जादा जागा काढून टाकतं. मग उरतं '११/२ चमचे मीठ'. अकरा भागिले दोन. साडेपाच चमचे. गणितात चूक काहीही नाही, शेवेत आहे. '२ १/२ वाट्या बेसन' ह्याचं त्याच न्यायाने '२१/२', म्हणजे साडेदहा वाट्या होतं. मीठ आणि बेसन दोन्ही वाढलं तर निदान प्रमाण तरी सांभाळलं जाईल अशी कुणाची समजूत असेल, तर तीही खोटी. एक साडेतीन पटींहून जास्त वाढलं, दुसरं चौपटीहून जास्त.

यावर उपाय सांगायला गेलं तर सोपा आहे. अपूर्णांक हा अपूर्णांकासारखा दिसला पाहिजे. वरचा आकडा लहान आणि उचललेला, खालचा लहान आणि ओळीवर टेकलेला, मधे तिरकी रेघ, आणि सगळं पूर्णांकाला चिकटून, एका जिवाने. ½ असं. हे चिन्ह संगणकात बऱ्याच वर्षांपासून आहे. पाव, अर्धा आणि पाऊण ही तीन भावंडं तर अगदी ओळीने बसलेली: ऑल्ट दाबून ०१८८, ०१८९, ०१९०. पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या मराठी डीटीपीत ही तीन घरं रिकामी नव्हती. त्या काळच्या फॉन्टांत रोमन लिपीच्या प्रत्येक घरात देवनागरीचा तुकडा भाड्याने राहायचा. दोनशेछप्पन्न घरांत आमची सगळी जोडाक्षरं, रफार, वेलांट्या, उकार कोंबायचे म्हटल्यावर पाव आणि पाऊण यांना कोण जागा देणार? ऑल्टबरोबर ०१८९ दाबलं की अर्ध्याऐवजी कुठलं तरी अर्धं अक्षर यायचं. तक्रार करायलाही तोंड नव्हतं; अर्धं मागितलं, अर्धं मिळालं.

मग तेवढ्या एका चिन्हापुरता इंग्रजी फॉन्ट लावायचा. अंक छापायला जायच्या आदल्या रात्री संपादकांना वाटायचं की पाककृतींचा फॉन्ट जरा नाजूक हवा. सगळा मजकूर सिलेक्ट, नवा फॉन्ट, आणि सगळे अर्धे पुन्हा अक्षरांत विरघळले. एका अंकात नारळाच्या वड्यांमध्ये चक्क 'ष्ट चमचा वेलदोड्याची पूड' वाचल्याचं मला आठवतं. ती पूड किती, हे फोन करून विचारणाऱ्या वाचकांमुळेच मराठी समाज अजून वाचतो आहे याची खात्री पटते.

चिन्ह नाही, तर हाताने घडवू, ही जिद्द पेजमेकरवाल्यांची. आल्डसचं पेजमेकर १९८५ साली आलं, पुढे अडोबीकडे गेलं, आणि अप्पा बळवंत चौकापासून नारायण पेठेपर्यंतच्या गल्लीबोळांत त्याने एक पिढी पोसली. त्यात वरचा आकडा सुपरस्क्रिप्ट करायचा, तिरकी रेघ टाकायची, खालच्या आकड्याचा आकार कमी करायचा आणि तिघांना कर्निंगने एकमेकांच्या जवळ ढकलायचं. एका अपूर्णांकाला पाच-सहा क्रिया. चकलीच्या एका पाककृतीत आठ अपूर्णांक असले की ऑपरेटरच्या चेहऱ्यावर चकलीचा वळसा दिसायला लागायचा.

आणि इतकं करून तो अपूर्णांक दिसायचा उपाशी. कारण आकडा लहान केला की त्याच्या रेघाही बारीक होतात. शेजारचे दोन-तीन धष्टपुष्ट, आणि हा अर्धा आजारातून उठल्यासारखा. अक्षरं घडवणारा जाणता माणूस अपूर्णांकातले आकडे नुसते लहान करत नाही, ते नव्याने काढतो; आकार लहान पण रेघ जाड, म्हणजे सबंध ओळीचा काळेपणा सारखा राहतो. तिरकी रेघसुद्धा वेगळी. तारखेत किंवा पत्त्यात टाकतो ती रेघ उंच असते, ओळीच्या खालीही उतरते आणि दोन्ही बाजूंना थोडी जागा राखून उभी राहते. अपूर्णांकाची रेघ जास्त झुकलेली, आकड्यांच्या उंचीत मावणारी, आणि अंश-छेदांना अंगाखाली घेणारी. युनिकोडमध्ये ह्या दोन रेघांना दोन वेगळे क्रमांक आहेत. कीबोर्डावर मात्र एकच आहे, आणि बहुतेकांचा आयुष्यभराचा संबंध त्या एकीशीच येतो.

शाळेतला दोन मजली अपूर्णांक, म्हणजे वर अंश, मधे आडवी रेघ, खाली छेद, हा गणिताच्या पुस्तकात शोभतो. मजकुरात तो आणला की देवनागरीत भांडणं सुरू होतात. आमच्या अक्षरांना वर वेलांट्या, रफार, अनुस्वार; खाली उकार, ऋकार. वरच्या ओळीत 'कुटून' आला की त्याचे उकार खालच्या ओळीतल्या अंशाच्या डोक्यात घुसतात. ओळींमधलं अंतर वाढवावं तर तेवढीच एक ओळ लांब जाऊन बसते. फटकून.

हे दुखणं जुनंच आहे. भास्कराचार्यांच्या काळात, म्हणजे 'लीलावती'च्या ११५० सालच्या आसपास, आपल्याकडे अंश वर आणि छेद खाली लिहीत, मधे रेघ नव्हतीच. ती रेघ अरबी गणितींनी घातली आणि फिबोनाचीच्या १२०२ सालच्या ग्रंथातून युरोपात रुळली. हाताने लिहिणाऱ्याला वर-खाली काही अवघड नाही. पुढे खिळ्यांची छपाई आली आणि जुळाऱ्याला एका ओळीत दोन मजले बांधायची पाळी आली. बारीक खिळे, बारीक पट्टी, वर-खाली पाचरी. पाव, अर्धा, पाऊण यांचे तयार खिळे असायचे, पण 'पाच अष्टमांश' निघाला की जुळाऱ्याचा दिवस गेला. जॉर्ज स्टोक्ससारख्या आयरिश शास्त्रज्ञाने १८८० साली आपल्या निबंधांच्या संग्रहात तिरकी रेघ वापरायचं ठरवलं ते याच जुळाऱ्यांच्या दयेपोटी. सगळं एका ओळीत बसतं, ओळ फाकत नाही. म्हणजे ज्या तिरक्या रेघेने आज आम्हाला छळलं आहे ती मुळात आमच्याच सोयीसाठी आलेली. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथची गोष्ट तर याहून पुढची. १९७७ साली त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाची नव्या पद्धतीने जुळवलेली प्रुफं आली, त्यातली गणितं त्याला बघवली नाहीत, आणि हातातलं लेखन बाजूला ठेवून त्याने जुळणीचा स्वतःचा प्रोग्रॅमच लिहायला घेतला. टेक त्याचं नाव. जगभरचे गणिती आजही तो वापरतात. आमच्याकडचे लेखक प्रुफं बघून एवढं मनाला लावून घेत नाहीत. खरं म्हणजे ते प्रुफं बघतच नाहीत, पण तो विषय वेगळा.

मला विचाराल तर ह्या सगळ्याचं उत्तर आपल्याकडे फार पूर्वी तयार होतं. मोडीतले हिशेब किंवा जुन्या पोथ्या-वह्या पाहा. पाव म्हणजे आकड्यापुढे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. '१।' म्हणजे सव्वा, '१॥' म्हणजे दीड, '१॥।' म्हणजे पावणेदोन. रुपयाचे आणे सोळा, म्हणून चार आण्यांना एक रेघ, आठ आण्यांना दोन. सुट्या आण्यांना आणखी बारीक रेघा. वर चढणं नाही, खाली उतरणं नाही, आकार कमी करणं नाही. आकड्याच्याच उंचीची रेघ, आकड्याला खेटून. आणि देवनागरीतला एकही आकडा नुसती उभी रेघ नाही, त्यामुळे घोटाळ्याला जागा नाही. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, आण्यांबरोबर ह्या रेघाही हळूहळू गेल्या. लग्नपत्रिकांत आणि म्हाताऱ्या किराणा दुकानदारांच्या वह्यांत तेवढ्या काही दिवस रेंगाळल्या.

त्या परत आणाव्यात असं मला फार वाटायचं. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावावरून २००९ साली युनिकोडमध्ये उत्तर भारतीय अपूर्णांकांना रीतसर जागासुद्धा मिळाली: पाव, अर्धा, पाऊण, आणि वर एक सोळांश, एक अष्टमांश, तीन सोळांशही. सरकारी भाषेत सांगायचं तर प्लॉट मंजूर झाला. पण त्यावर घर बांधणारे फॉन्ट थोडे, आणि राहायला येणारे त्याहून थोडे. मी एकदा आमच्या डीटीपीच्या ताईंना सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, "सर, अर्ध्या लोकांना ते पूर्णविराम वाटतील आणि उरलेल्यांना श्लोक." मी तरी रेटून धरणार होतो. तेवढ्यात त्यांनी समोरच्या पत्रिकेवर बोट ठेवलं. वर छापलं होतं '॥ श्री गणेशाय नमः ॥'. "आता हे अर्धा श्री गणेशाय नमः अर्धा असं वाचायचं का?" शिवाय हल्ली मजकूर देवनागरी आणि आकडे इंग्रजी अशी खिचडी चालते, इंग्रजी एक हा उभी रेघच असतो. सव्वादोनचे एकवीस व्हायला किती वेळ? मी गप्प बसलो, पण पटलं म्हणून नव्हे.

नव्या जगात, म्हणजे इनडिझाइन आणि ओपनटाइप फॉन्टांच्या, ह्या सगळ्याची गरजच नाही असं सांगतात. फॉन्टात सोय असते. 'फ्रॅक्शन्स' नावाची एक खूण करायची; मग तुम्ही साधं १/२ टाइप करा, त्याचा आपोआप सुबक अर्धा होतो. फक्त अर्धा-पाव नव्हे, चांगल्या फॉन्टात तेवीस सदतीसांशसुद्धा. मात्र ही सोय बहुतेक फॉन्टांत इंग्रजी आकड्यांपुरतीच. देवनागरीचे लहान अंश आणि छेद काढत बसायची तसदी थोडेच लोक घेतात, म्हणून मराठी पुस्तकांत अजूनही '२½' असा प्रकार दिसतो. दोन आपला, अर्धा परका. डोळ्याला खुपत नाही, कारण आपण इतक्या वर्षांत बघायचंच सोडलं आहे.

गेल्या एका दिवाळीला आमच्या हाती नेमका चांगला फॉन्ट लागला. देवनागरी आकड्यांचे नीट घडवलेले अंश-छेद त्यात होते. ताई खूश. एकेका अपूर्णांकाला खूण करत कोण बसणार, म्हणून त्यांनी मजकुराच्या मूळ स्टाइललाच फ्रॅक्शन्स लावून टाकलं. पाककृती अशा देखण्या झाल्या की मी पहिल्यांदाच अनारसे वाचताना थांबून ते पान पाहत राहिलो. पानं लेखकांकडे गेली. तिसऱ्या दिवशी एका निवृत्त महसूल अधिकाऱ्यांचा फोन आला. त्यांचा लेख होता जमिनीच्या नोंदींवर.

"अहो, माझा सात-बारा एवढासा कसा झाला? गुंठेवारी केलीत की काय त्याची?"

पाहतो तर लेखभर प्रत्येक ठिकाणी ७/१२ चा अपूर्णांक झालेला. वर इवलासा सात, खाली इवलासे बारा, मधे झुकलेली रेघ. सात बारांश उतारा. आता सात-बारा हा अपूर्णांक नव्हे, हे महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला सांगायला लागत नाही. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, गाव नमुना बारा म्हणजे तिच्यात काय पिकतं. ही दोन कागदांची जोडी. पण फॉन्ट महाराष्ट्रात जन्मलेला नव्हता. त्याला आकडा, तिरकी रेघ, आकडा दिसला, त्याने इमानदारीने भागाकार केला. मग आम्ही बाकीची पानं धुंडाळली. 'सर्व्हे नंबर ४२/३' चा अपूर्णांक झाला होता. 'दिनांक १/४' पाव झाली होती, आणि आर्थिक वर्षाचा पहिला दिवस म्हणून त्यात एक करुण अर्थही होता. 'पान २/३' म्हणून दिलेला संदर्भ दोन तृतीयांश झाला होता. किमतीपुढे आपण जी '/-' अशी शेपटी लावतो, तिला छेदच नसल्यामुळे ती तेवढी बचावली.

ह्या एका तिरक्या रेघेवर आपण किती कामं लादली आहेत! ती तारीख सांगते, घर नंबर सांगते, पोटहिस्सा सांगते, 'आणि/किंवा' अशी वकिली करते, 'श्री./सौ.' असा संसार मांडते. आणि एवढ्यातून वेळ काढून ती भागाकारही करते. ह्यातलं कुठलं काम चाललं आहे हे वाचणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं. 'वाटी' शेजारी असेल तर भागाकार, 'उतारा' शेजारी असेल तर तलाठी. यंत्राला शेजार कळत नाही, त्याला फक्त रेघ कळते.

ताईंनी मूळ स्टाइलमधून फ्रॅक्शन्स काढून टाकलं, 'अपूर्णांक' नावाची वेगळी कॅरेक्टर स्टाइल केली आणि पाककृतींत एकेक अपूर्णांक हाताने धरून तिच्यात घातला. कंटाळवाणं काम. मी शेजारी बसून हाक देत होतो, त्या खूण करत होत्या. मधेच मी त्यांच्या पडद्यावर प्रोग्रॅमचे मूळ आकडे पाहिले. सुपरस्क्रिप्टचा आकार ५८.३ टक्के, उचल ३३.३ टक्के. हे आकडे मी पेजमेकरपासून पाहत आलो होतो आणि सत्तावन्न नाही, साठ नाही, अठ्ठावन्न पूर्णांक तीन दशांशच का, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या रात्री पडला. ३३.३ म्हणजे एक तृतीयांश, हे सरळ आहे. ५८.३ मी कागदावर करून पाहिलं. सात भागिले बारा. बारा पॉइंटच्या मजकुरात सात पॉइंटचा आकडा; अपुरं दशांशात लिहिलं म्हणून ओळखू येत नव्हतं, एवढंच. म्हणजे आम्ही इतकी वर्षं जो जो अपूर्णांक हाताने घडवला, त्याचा अंश सात बारांश मापाचा होता, आणि सात-बाराला अपूर्णांक केल्याबद्दल आम्ही त्या बिचाऱ्या फॉन्टला नावं ठेवत होतो. निवृत्त अधिकाऱ्यांना हे कळवावंसं वाटलं, पण रात्रीचे सव्वाबारा झाले होते.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलाने आणखी जलद उपाय शोधला. काही लेखिका 'पाव वाटी' असं अक्षरी लिहितात, काही आकड्यांत. अंकात एकसारखेपणा हवा. मग त्याने फाइंड-रिप्लेस लावलं. 'पाव' दिसला की ¼, 'अर्धा' दिसला की ½, 'पाऊण' दिसला की ¾. एका क्षणात सगळा अंक एकसारखा झाला. साखर होती ती '¼डर साखर' झाली. मुंबईच्या खाऊगल्लीवरच्या लेखात '¼भाजी' आली, तीही 'वडा¼' खाऊन झाल्यावर. कोकणावरच्या ललित लेखाची सुरुवात होती '¼साळ्यात आमचं गाव हिरवंगार होतं', आणि वर्गणीच्या सूचनेत वाचकांना '¼ती जपून ठेवावी' अशी विनंती होती. '¾शे वर्षांच्या आजी' होत्या. 'अर्धांगिनी'मधला 'अर्धा' त्याने उचलला खरा, पण अनुस्वार मागे राहिला आणि तो कुणाच्या डोक्यावर बसायचं ते न कळून एका टिंबाटिंबांच्या वर्तुळावर जाऊन बसला. सौभाग्यवतींबद्दलचा इतका नेमका विनोद कुणी मुद्दाम केला असता तर आम्ही संपादकांकडून परवानगी घेतली असती.

एकीकडे हे चाललेलं असताना, ज्यांना अपूर्णांकाशी वैरच नको ते दशांशाकडे वळले आहेत. बिल्डरांच्या जाहिरातींत अडीच खोल्यांचं घर कधीच '२.५ बीएचके' झालं. त्यातली अर्धी खोली कुठली हे बिल्डर सांगत नाही, पण दशांश चिन्हामुळे ती मोजून बांधल्यासारखी वाटते. हीच हवा पाककृतींना लागली की मला धसका बसतो. '०.७५ वाटी रवा भाजून घ्या' असं वाचलं की समोर गृहिणी दिसत नाही, कंपाउंडर दिसतो. आणि एक तृतीयांश वाटीचं काय करणार? '०.३३ वाटी दही' घालणाऱ्या बाईला उरलेल्या त्या ०.००३३ चा हिशेब कोण देणार? नाही, इथे मी जुन्या मताचा आहे. ओघातल्या वाक्यात माप आलं तर अक्षरी लिहा: दीड वाटी, पाऊण चमचा. साहित्याच्या यादीत आकडे हवे असतील तर पुरता घडवलेला अपूर्णांक टाका, पूर्णांकाला चिकटवून. तेही जमत नसेल तर 'एक वाटी आणि वर अर्धी' लिहा, पण तो फटीतला '१ १/२' नको.

अक्षरी लिहिण्याच्या बाजूने कायदाही आहे, हे मला त्याच दिवाळीनंतर नीट कळलं. आपण चेकवर रक्कम दोनदा लिहितो, आकड्यांत आणि अक्षरांत. दोन्हींत फरक पडला तर अक्षरांतली रक्कम खरी. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचं अठरावं कलम. इंग्रज सरकारला खिळ्यांतल्या आकड्यांवर विश्वास नव्हता असं दिसतं, आणि मला तरी त्यात नाव ठेवायला जागा दिसत नाही. हे कळायचं कारण झाली एक जाहीर नोटीस. वाटपाच्या दाव्यातल्या एका पक्षकाराला ती वर्तमानपत्रात द्यायची होती, आणि वकिलांनी मजकूर लिहून दिला होता: 'सदर मिळकतीच्या ७/१२ उताऱ्यावरील आमचे अशिलांचा १/३ हिस्सा'. एकाच ओळीत दोन तिरक्या रेघा. पहिलीला अपूर्णांक करायचं नाही, दुसरीला केलंच पाहिजे.

ताईंनी पहिली तशीच ठेवली, दुसरीला आपली 'अपूर्णांक' स्टाइल लावली आणि फार बरं झाल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. वकिलांना प्रूफ दाखवलं. ते म्हणाले, "हे लहान आकडे वर्तमानपत्राच्या कागदावर फुटतील. एक तृतीयांशाचा एक अष्टमांश दिसला तर तिन्ही भाऊ माझ्या दारात. अंकी राहू द्या, पुढे कंसात अक्षरी टाका."

तसं टाकलं. ओळ वाढली, वाढलेल्या ओळीने खालच्या दोन ओळी ढकलल्या, नोटीस लांबली. जाहिरातीचे पैसे सेंटिमीटरवर. पक्षकार शेजारी बसले होते, हिश्शाबाबत जितके दक्ष तितकेच खर्चाबाबत.

"किती वाढलं?" त्यांनी विचारलं.

ताईंनी पडद्यावरची पट्टी पाहिली. "दीड सेंटिमीटर."

"दीडचे पैसे लावतात की दोनचे?"

"दोनचे. त्यांच्याकडे अर्धा छापत नाहीत."